आपत्कालीन बटणाचे विद्युन्मंडल : मोटारगाडीतील एका मुक्या दोषाचा शोध

नित्याच्या वापरातील उपकरण बिघडले, तर त्याचा बिघाड फार काळ लपून राहत नाही. दिवा लागला नाही की अंधार होतो. भोंगा वाजला नाही की चालकाच्या ते तत्काळ ध्यानात येते. परंतु काही उपकरणे अशी असतात की, ती वर्षानुवर्षे कोणी हाताळीत नाही, आणि वेळ आली म्हणजे मात्र त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता आपले काम करावे अशी अपेक्षा असते. आग विझविण्याचा नळ, आगगाडीच्या डब्यातील साखळी आणि अलीकडच्या मोटारगाड्यांतील आपत्कालीन बटण ही सर्व याच वर्गात मोडतात. अशा उपकरणाचा दोष मुका असतो. तो जेव्हा बोलतो, तेव्हा ऐकून उपयोग होण्याची वेळ बहुधा टळून गेलेली असते.

यामुळे आपल्यापुढे दोन प्रश्न उभे राहतात. बटण न दाबता त्याच्या विद्युन्मंडलातील दोष ओळखता येईल काय? आणि दोष आहे असे कळले, तर तो नेमका कोठे आहे हे कसे शोधावे? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे शालेय भौतिकशास्त्रातील एका साध्या नियमात सापडतात. तो नियम म्हणजे जर्मन शास्त्रज्ञ जॉर्ज सायमन ओम याने १८२७ साली मांडलेला प्रवाह, दाब व रोध यांचा संबंध होय.

बटण दाबल्यावर काय घडते?

आपत्कालीन बटण बहुधा चालकासमोरील आरशाच्या कडेवर किंवा आरशाजवळ छताला बसविलेले असते. त्याच्याखाली धातूच्या दोन पट्ट्यांचा एक लहानसा स्विच असतो. स्विचपासून निघालेल्या दोन वायरी छताच्या अस्तराखालून व काचेशेजारच्या खांबातून एका पेटीपर्यंत जातात. या पेटीस आपण नियंत्रक म्हणू. नियंत्रकात उपग्रहांकडून स्थान जाणणारा ग्राहक, मोबाइल दूरध्वनीचा संच आणि गाडीची मुख्य बॅटरी निकामी झाल्यास उपयोगी पडणारी एक लहान राखीव बॅटरी असते. मायक्रोफोन व ध्वनिवर्धकही त्यालाच जोडलेले असतात. बटण दाबले म्हणजे गाडी कोठे आहे, वेळ कोणती व गाडी कोणती ही माहिती मदतकेंद्राकडे जाते, आणि गाडीतील माणसास तेथील माणसाशी बोलता येते.

युरोपीय संघातील देशांत ३१ मार्च २०१८ पासून मान्यता घेणाऱ्या मोटारींच्या नव्या प्रकारांत ११२ या क्रमांकास जोडणारी अशी व्यवस्था सक्तीची झाली. भारतात हीच गोष्ट निराळ्या वाटेने आली. २८ नोव्हेंबर २०१६ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने सार्वजनिक प्रवासी वाहनांत स्थानदर्शक यंत्र व आपत्कालीन बटण असावे असे ठरविले, आणि १ जानेवारी २०१९ पासून नव्याने नोंदल्या जाणाऱ्या अशा वाहनांस हा नियम लागू झाला. दुचाकी, तीनचाकी व ई-रिक्षा यांना त्यातून वगळण्यात आले. या यंत्रांसाठी एआयएस-१४० हे तांत्रिक मानक असून ते पुणे येथील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेने प्रसिद्ध केले आहे.

चेन्नई शहर या विषयाच्या अभ्यासास विशेष सोयीचे आहे. तेथे सार्वजनिक आणि खाजगी अशी दोन्ही प्रकारची उदाहरणे आढळतात. २०२२ च्या मे महिन्यात तेथील महानगर परिवहन महामंडळाच्या ५०० बसगाड्यांत, निर्भया निधीतून राबविलेल्या योजनेच्या पहिल्या टप्प्यात, प्रत्येकी तीन कॅमेरे व चार आपत्कालीन बटणे बसविण्यात आली. शहराजवळच्या श्रीपेरुंबुदूर भागात तयार झालेल्या ह्युंदाई व्हेन्यू या मोटारीत २०१९ पासून आरशावरच असे बटण देण्यात आले. आणि तिसरी गोष्ट म्हणजे चेन्नईची हवा. समुद्रकाठची ही दमट व खारट हवा विद्युन्मंडलांची कठोर परीक्षा घेते. तिचा विचार आपणांस पुढे करावयाचा आहे.

मुके मंडल आणि बोलके मंडल

दरवाजावरील घंटेचे बटण सर्वांच्या परिचयाचे आहे. ते दाबलेले नसताना त्यातील पट्ट्या एकमेकींपासून दूर असतात व मंडल अपुरे राहते. दाबल्यावर ते पूर्ण होऊन प्रवाह वाहू लागतो. अशा स्विचास ‘एरवी उघडा’ स्विच म्हणता येईल. घंटेची वायर उंदराने कुरतडली, तर घंटेला त्याचा पत्ताही लागत नाही. वायर तुटण्यापूर्वी प्रवाह नव्हता आणि तुटल्यानंतरही नाही! पाहुणा येऊन बटण दाबतो तेव्हाच दोष उघडकीस येतो. घंटेच्या बाबतीत एवढे चालते. पाहुणा दार ठोठावू शकतो. अपघातात सापडलेल्या माणसास मात्र दुसरे दार नसते.

यावर उपाय म्हणजे स्विच ‘एरवी बंद’ ठेवणे. दाबलेले नसताना पट्ट्या चिकटलेल्या असतात व एक सूक्ष्म प्रवाह अहोरात्र वाहत राहतो. बटण दाबले की पट्ट्या दूर होतात, प्रवाह थांबतो, आणि प्रवाहाचे थांबणे हीच मदतीची हाक ठरते. आता वायर तुटली, तरीही प्रवाह थांबतो व नियंत्रकास तत्काळ कळते. एआयएस-१४० या मानकात आपत्कालीन बटणासाठी नेमक्या याच प्रकारचा स्विच सांगितलेला आहे.

ही कल्पना रेल्वेने पूर्वीच अंगीकारिली होती. विल्यम रॉबिन्सन या अमेरिकी अभियंत्याने १८७२ साली रुळांतूनच सतत प्रवाह वाहता ठेवणारे मंडल सिद्ध केले. आगगाडीची चाके दोन्ही रुळांना जोडतात किंवा रूळ तुटतो, तेव्हा सिग्नलाकडे जाणारा प्रवाह बंद पडून धोक्याची खूण दिसते. निर्वात ब्रेकचेही तत्त्व असेच. नळीतील निर्वात अवस्था ब्रेक मोकळे ठेवते. कोणी साखळी ओढली किंवा डब्यांची जोडणी तुटली, की हवा आत शिरून ब्रेक लागतात. या सर्व रचनांतील सूत्र एकच आहे. कुशलतेची खूण सतत मिळत राहावी, आणि ती मिळेनाशी झाली म्हणजे धोका समजावा.

चार अवस्थांचे मंडल

परंतु एवढ्याने काम भागत नाही. साध्या ‘एरवी बंद’ मंडलास बटण दाबणे आणि वायर तुटणे यांतील भेद कळत नाही; दोन्ही वेळी प्रवाह शून्यच होतो. मदतकेंद्राकडे अशा खोट्या हाका वारंवार जाऊ लागल्या, तर लांडगा आल्याची हूल देणाऱ्या मुलाच्या गोष्टीप्रमाणे खऱ्या हाकेवरचाही विश्वास उडण्याचे भय असते. शिवाय दोन वायरी एकमेकींस चिकटल्या, तर बटण दाबूनही प्रवाह थांबत नाही. म्हणून बटणातच दोन रोधक बसविण्याची युक्ती योजतात. पुढील आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. प्रत्येक गाडीचे खरे आकडे तिच्या दुरुस्ती-पुस्तिकेत पाहावे लागतात.

समजा, नियंत्रक ५ व्होल्ट दाब १,००० ओमच्या आपल्या अंतर्गत रोधकातून बटणाच्या वायरीस पुरवितो. बटणात १,००० ओमचा एक रोधक मंडलाच्या ओळीत आहे, आणि ३,००० ओमचा दुसरा रोधक स्विचच्या पट्ट्यांना समांतर जोडलेला आहे. पट्ट्या चिकटलेल्या असतात तेव्हा प्रवाह दुसऱ्या रोधकास वळसा घालून जातो. त्या उघडल्या म्हणजे त्याला दोन्ही रोधकांतून जावे लागते. नियंत्रक आपल्या टोकावरील दाब सतत मोजत असतो. ओमच्या नियमाने त्याला पुढील चार वाचने मिळतील :

बटण न दाबलेले, मंडल निर्दोष : बाहेरील रोध १,००० ओम, दाब २.५ व्होल्ट.
बटण दाबलेले : बाहेरील रोध ४,००० ओम, दाब ४ व्होल्ट.
वायर तुटलेली : बाहेरील रोध अनंत, दाब ५ व्होल्ट.
दोन्ही वायरी एकमेकींस चिकटलेल्या : बाहेरील रोध शून्य, दाब शून्य.

अशा रीतीने दोनच वायरींतून चार निरनिराळे निरोप येतात, आणि पहिल्या दोहोंखेरीज इतर कोणताही निरोप आला तर नियंत्रक बटणाजवळचा तांबडा दिवा लावून चालकास सावध करतो. मुके मंडल बोलके झाले ते असे.

खारी हवा आणि अर्धवट दोष

वायर पूर्ण तुटणे किंवा पूर्ण चिकटणे हे दोष स्पष्ट असतात. निसर्ग मात्र बहुधा अर्धवट दोष निर्माण करतो. चेन्नईचा बहुतेक पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या काळात पडतो. २०१५ च्या डिसेंबरातील महापुरात आणि २०२३ च्या डिसेंबरातील मिचॉंग चक्रीवादळात शहरातील असंख्य मोटारगाड्या पाण्यात उभ्या होत्या. पाणी ओसरते, गाडी वाळते. पण वायरींच्या कप्लरमध्ये शिरलेला क्षार तेथेच राहतो. तो हवेतील बाष्प शोषून घेतो आणि तांब्या-पितळेच्या खिळ्यांवर हिरवा कळंक चढवितो.

या क्षारापासून परस्परांहून अगदी भिन्न असे दोन दोष संभवतात. त्यांतील भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे.

पहिला दोष ओळीतील रोधाचा. खिळा व खोबण यांच्यामध्ये कळंक साचला म्हणजे प्रवाहाच्या वाटेत नवा रोध उभा राहतो. तो ३,००० ओमचा आहे असे मानू. तेव्हा बटण न दाबताच बाहेरील रोध १,००० अधिक ३,००० म्हणजे ४,००० ओम होतो, आणि नियंत्रकास ४ व्होल्ट दाब दिसतो. अर्थात् कोणी बटण दाबले आहे असा त्याचा समज होतो. ही खोटी हाक होय. ती त्रासदायक खरी, परंतु ती निदान स्वतःस जाहीर करते.

दुसरा दोष समांतर गळतीचा. कप्लरमधील दोन खिळ्यांच्या दरम्यान खारट ओलावा पसरला, की प्रवाहास एक आडवाट मिळते. तिचा रोध १,००० ओम धरू. बटण न दाबलेले असताना १,००० ओमच्या दोन समांतर वाटा मिळून ५०० ओम होतात व दाब सुमारे १.६७ व्होल्ट होतो. आता बटण दाबले तर काय होईल? ४,००० व १,००० ओम समांतर मिळून ८०० ओम होतात व दाब सुमारे २.२२ व्होल्ट होतो. चार व्होल्टांच्या जवळपासही तो जात नाही! उलट, निर्दोष अवस्थेतील अडीच व्होल्टांच्या तो अगदी निकट आहे. माणूस जिवाच्या आकांताने बटण दाबीत आहे आणि नियंत्रक सर्व काही ठीक आहे असे समजत आहे, अशी ही स्थिती होय. दोन दोषांत हा दुसरा अधिक घातक आहे. म्हणून चांगला नियंत्रक केवळ ‘दाबले की नाही’ एवढेच पाहत नाही; विश्रांतीतील दाब अडीच व्होल्टांपासून किती ढळला आहे हेही तो तपासतो. आणि चांगला दुरुस्ती-कारागीर दिवा हिरवा आहे एवढ्यावर समाधान न मानता स्वतः दाब मोजतो.

शोधाची रीत

आता एक उदाहरण घेऊन शोधाची पद्धत पाहू. समुद्राजवळ उभी राहणारी एक गाडी नोव्हेंबरच्या पावसानंतर कार्यशाळेत आली आहे. आपत्कालीन बटणाजवळचा दिवा कधी हिरवा, तर कधी तांबडा दिसतो अशी तक्रार आहे. येथे पहिला मोह बटण बदलून टाकण्याचा होतो. तो आवरला पाहिजे. जे दिसते ते बटण; जे दिसत नाही ते छताखालचे व खांबातले वायरिंग; आणि दोष दिसणाऱ्या भागातच असावा असा निसर्गाचा नियम नाही.

प्रथम विचारपूस करावी. दोष पावसानंतर येतो की उन्हात? गाडी उभी असताना येतो की खड्ड्यांतून जाताना? धक्क्याने येणारा दोष सैल जोडणीकडे व पावसाने येणारा दोष ओलाव्याकडे बोट दाखवितो. त्यानंतर नियंत्रकाच्या स्मृतीत नोंदलेले दोष-संकेत तपासणी-यंत्राने वाचावेत. संकेत मंडलाचे नाव सांगतो, दोषाची जागा सांगत नाही. ताप आहे असे कळल्याने रोग कळत नाही, तसेच हे.

दुसरी पायरी पुरवठ्याची. फ्यूज शाबूत आहे काय, बॅटरीचा दाब विश्रांतीत १२.६ व्होल्टांच्या आसपास व इंजिन चालू असताना सुमारे १३.५ ते १४.५ व्होल्ट आहे काय, हे पाहावे. पुरवठाच लंगडा असेल, तर पुढील सर्व मापने फसवी ठरतात.

तिसरी पायरी बटणाच्या वायरीवरील दाबाची. नियंत्रकाच्या टोकाशी मल्टिमीटर लावला असता १.६७ व्होल्ट आढळले असे समजा. अडीचपेक्षा दाब कमी आहे. म्हणजे बाहेरील रोध घटला आहे. म्हणजे प्रवाहास कोठेतरी आडवाट मिळाली आहे. ओमच्या नियमाने येथेच अर्धे निदान झाले. आता कळंकाचा शोध करण्याचे कारण नाही. ओलाव्याचा शोध करावयाचा आहे.

चौथी पायरी अर्धे-अर्धे करीत जाण्याची. बटणाजवळचा कप्लर सोडवून बटण मंडलातून काढून घ्यावे. गळती बटणात असती, तर वाचन एकदम ५ व्होल्टांवर गेले असते. आपल्या गाडीत ते २.५ व्होल्टांवर थांबले. एखादा उतावीळ कारागीर येथे फसेल, कारण अडीच व्होल्ट हे तर निर्दोष मंडलाचे वाचन! परंतु बटण आता मंडलात नाही हे विसरता कामा नये. बटण नसताना अडीच व्होल्ट दिसणे याचा अर्थ १,००० ओमची आडवाट वायरिंगमध्ये अजून शिल्लक आहे. कोणतेही वाचन स्वतः बरे किंवा वाईट नसते. त्या स्थितीत कोणते वाचन अपेक्षित होते, याच्याशी ताडून पाहिल्यावरच ते अर्थपूर्ण होते.

आता मध्यभागी असलेला, काचेशेजारच्या खांबातील कप्लर सोडवावा. वाचन ५ व्होल्टांवर गेले. म्हणजे नियंत्रकापासून खांबापर्यंतचा भाग निर्दोष असून गळती खांब व बटण यांच्या दरम्यान आहे. छताचे अस्तर हलकेच उतरविले असता, ॲंटेनाच्या बैठकीखालील रबर झिजून पावसाचे पाणी झिरपत होते आणि तेथील कप्लर ओला होऊन हिरवा पडला होता, असे आढळले. तीन मापनांत वायरिंगचा मोठा भाग निर्दोष ठरला व शोध हातभर जागेत येऊन थांबला.

पाचवी पायरी बहुतेकजण गाळतात. कप्लरचे खिळे बदलून काम संपत नाही. पाणी येणारी वाट बंद करून, छतावर पाणी ओतून ती खरोखर बंद झाली याची खात्री करावी लागते. मग विश्रांतीत २.५ व बटण दाबल्यावर ४ व्होल्ट मिळतात की नाही, हे पुन्हा मोजून पाहावे. कारणासह दोष गेला तरच तो गेला असे म्हणता येते.

हाक मारतानाच लागणारा दम

बटणाचे मंडल निर्दोष असूनही हाक न पोहोचण्याचे आणखी एक कारण असते. ते म्हणजे नियंत्रकाचा पुरवठा. नियंत्रकाची परतवायर गाडीच्या पत्र्यास स्क्रूने जोडलेली असते. त्या सांध्यावर गंज चढून ३ ओमचा रोध निर्माण झाला आहे असे समजा. नियंत्रक नुसता जागा असताना समजा ०.०५ ॲंपियर प्रवाह घेतो. तेव्हा सांध्यावर पडणारा दाब अवघा ०.१५ व्होल्ट होय, आणि दिवा हिरवाच राहतो. परंतु हाक सुरू होऊन दूरध्वनीचा संच प्रक्षेपण करू लागला व प्रवाह १ ॲंपियर झाला, की त्याच सांध्यावर ३ व्होल्ट खर्ची पडतात. १२.६ पैकी ९.६ व्होल्टच उरले, तर दाब अपुरा पडून नियंत्रक मध्येच बंद पडण्याचा संभव असतो. निजलेल्या माणसाचा दमा कळत नाही; जिना चढताना तो कळतो. म्हणून पुरवठ्याची परीक्षा नेहमी भार असताना करावी.

येथे मल्टिमीटरचा एक गुण दोषासारखा होतो. आजच्या बहुतेक अंकदर्शक मल्टिमीटरांचा स्वतःचा रोध सुमारे १ कोटी ओम असतो. १०,००० ओमचा कळंकलेला सांधा मधे असला, तरी मीटरवर दाब हजारात एका अंशानेच कमी दिसतो व पुरवठा उत्तम आहे असा भास होतो. त्याच ठिकाणी १२ व्होल्टांचा ५ वॉटचा टेस्ट लँप लावावा. तो लुकलुकणारही नाही. जुन्या कारागिरांची टेस्ट लँपवरील श्रद्धा निराधार नव्हती. मात्र हा दिवा सुमारे ०.४ ॲंपियर प्रवाह ओढतो. तो केवळ पुरवठ्याच्या वायरीवर वापरावा. बटणाच्या किंवा नियंत्रकाच्या नाजूक वायरींवर कदापि लावू नये.

राखीव बॅटरीचाही विचार याच दृष्टीने करावा. जोराच्या टकरीत मुख्य बॅटरीच चिरडली गेली, तर सर्व भिस्त या लहान बॅटरीवर असते. एआयएस-१४० मानकानुसार तिने यंत्र चार तास चालविले पाहिजे. चेन्नईच्या उन्हाळ्यात पारा ४० अंश सेल्सिअसपर्यंत चढतो, आणि उन्हात उभ्या गाडीच्या आत उष्णता त्याहूनही अधिक असते. उष्णतेने अशा बॅटरीचा अंतर्गत रोध लवकर वाढतो. तीही भार नसताना पूर्ण दाब दाखविते व भार येताच ढासळते. म्हणून भार देऊन तिचा दाब पाहणे आणि ठरलेल्या मुदतीत ती बदलणे, हाच मार्ग सुरक्षित होय.

घ्यावयाची काळजी

रोध मोजताना मंडलातील पुरवठा बंद केलेला असावा. अन्यथा वाचन चुकते व मीटरही बिघडू शकतो. छताच्या कडेने व खांबातून जाणाऱ्या वायरींत हवेच्या सुरक्षा-पिशव्यांच्या वायरीही असतात. त्यांचे कप्लर बहुधा पिवळ्या रंगाचे असतात. त्यांना मीटर किंवा दिवा लावू नये. पिशवी अकस्मात उघडून गंभीर इजा होऊ शकते. अस्तर उतरविण्यापूर्वी पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे बॅटरी सोडवून ठरलेला वेळ थांबावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, परीक्षेसाठी खरी हाक मारू नये. नियंत्रकाची परीक्षा-अवस्था वापरावी, किंवा मदतकेंद्रास आगाऊ कळवावे. आपल्या परीक्षेने अडलेली वाट एखाद्या संकटग्रस्ताची असू शकते.

वर्गात करावयाचा प्रयोग

दीड व्होल्टाचे दोन कोरडे घट, अडीच व्होल्टांचा टॉर्चचा दिवा, सुमारे ५ ओम व १० ओमचे दोन रोधक, थोडी वायर आणि पितळेच्या दोन पट्ट्या घ्याव्यात. पट्ट्या लाकडी फळीवर अशा बसवाव्यात की, एरवी त्या एकमेकींस टेकतील व बोटाने दाबल्यावर विलग होतील. हा झाला ‘एरवी बंद’ स्विच. त्याच्या ओळीत ५ ओमचा रोधक आणि पट्ट्यांना समांतर १० ओमचा रोधक जोडावा. घट व दिवा फळीच्या दुसऱ्या टोकास ठेवून लांब वायरींनी मंडल पूर्ण करावे.

आता दिवा मध्यम प्रकाशाने लागेल. पट्टी दाबली की तो अगदी मंद होईल. वायर सोडविली की विझेल. आणि स्विच व त्याचे रोधक या सर्वांस वळसा घालणारा वायरीचा तुकडा दोन्ही वायरींवर आडवा टेकविला की तो प्रखर होईल. हा तुकडा तसाच ठेवून पट्टी कितीही वेळा दाबावी. दिव्यात फरक पडणार नाही. एका विद्यार्थ्याने पडद्याआड बसून दोष निर्माण करावा व दुसऱ्याने केवळ दिव्याकडे पाहून तो ओळखावा. नियंत्रक जे काम करतो तेच हे.

समारोप

ज्या साधनाची गरज क्वचित पडते, त्याची काळजी नित्य घ्यावी लागते. कारण त्याचा उपयोग त्याची परीक्षा करीत नाही. सतत वाहणारा सूक्ष्म प्रवाह ही ती नित्याची परीक्षा होय. परंतु प्रवाहाने दिलेला निरोप वाचणारा जाणता माणूसही पाहिजे. गाडीतील आपत्कालीन दिवा तांबडा झाला असता, गाडी तर चालते आहे, असे म्हणून तिकडे दुर्लक्ष करणे योग्य नव्हे. त्या दिव्याचा अर्थ एवढाच की, संकट येण्यापूर्वी दोष बोलला आहे, आणि तो दुरुस्त करण्यास अजून अवधी आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. दारावरच्या घंटेसाठी ‘एरवी उघडा’ स्विच चालतो, पण आपत्कालीन बटणासाठी ‘एरवी बंद’ स्विच का निवडतात?

२. वर दिलेल्या मंडलात कळंकामुळे ओळीत १,००० ओमचा रोध वाढला, तर बटण न दाबता व दाबल्यावर नियंत्रकास किती दाब दिसेल?

३. बटण काढून घेतल्यावर नियंत्रकाच्या टोकाशी ४ व्होल्ट दिसले. वायरिंगमधील गळतीचा रोध किती असेल?

४. एका सांध्याचा रोध २ ओम आहे. प्रवाह ०.०५ ॲंपियर असताना व १ ॲंपियर असताना सांध्यावर किती दाब खर्ची पडेल? भार देऊनच परीक्षा का करावी, हे या उत्तरावरून स्पष्ट करा.